श्वासाचा वेग आणि डेको: टेक्निकल डायव्हिंगमधला नेमका हिशोब

डेको म्हणजे डिकॉम्प्रेशन: वर येताना ठरावीक खोलीवर थांबत थांबत शरीरात मुरलेला वायू सावकाश बाहेर सोडणं. त्यातला सहा मीटरवरचा शेवटचा स्टॉप करणाऱ्या डायव्हरला दोन सल्ले हमखास मिळालेले असतात. एक म्हणजे भरपूर आणि भराभर श्वास घ्या, नायट्रोजन लवकर बाहेर पडेल. दुसरा म्हणजे गॅस वाचवा, प्रत्येक श्वास थोडा रोखून धरा. दोन्ही चुकीचे आहेत, पण वेगवेगळ्या कारणांनी. श्वास कसा घ्यायचा, त्याचा प्लॅनमध्ये हिशोब कसा धरायचा आणि डेकोचं वेळापत्रक खरोखर कशाने बिघडतं, ते पुढे आकड्यांसह दिलं आहे. स्टेज सिलिंडर (बाजूला लटकवलेलं जादा सिलिंडर), गॅस बदल आणि डेको सॉफ्टवेअर वापरता येणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. ट्रायमिक्सचा (ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियम यांचं मिश्रण) कोर्स यातून होणार नाही.

भराभर श्वासाने काय साधतं? एक टक्का.

शरीरात मुरलेला निष्क्रिय वायू दोन टप्प्यांत बाहेर येतो. आधी स्नायू, चरबी, सांधे यांतून रक्तात आणि मग रक्तातून फुप्फुसातल्या हवेत. श्वासाचा संबंध फक्त दुसऱ्या टप्प्याशी आहे आणि तिथे अडथळा जवळजवळ नाहीच. नायट्रोजन रक्तात फार कमी विरघळतो. रक्त आणि हवा यांच्यातलं त्याचं वाटपाचं प्रमाण सुमारे ०.०१५ आहे. विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फुप्फुसांतून नेतं आणि वायुकोशांपर्यंत मिनिटाला ४ ते ५ लिटर हवा पोचते, म्हणजे हवेचं रक्ताशी प्रमाण ०.८५ च्या आसपास. एका फेरीत रक्तात मागे राहणारा वाटा काढायचा तर ०.०१५ ला (०.०१५ + ०.८५) ने भागायचं. उत्तर १.७ टक्के. रक्ताने आणलेला जादा नायट्रोजन एकाच फेरीत ९८ टक्के बाहेर गेलेला असतो. आता श्वास दुप्पट करा: मागे राहतो ०.९ टक्के. फायदा एका टक्क्याहून कमी, गॅसचा खर्च दुप्पट. हेलियम रक्तात याहूनही कमी विरघळतो, त्यामुळे ट्रायमिक्सवर हा फायदा आणखी किरकोळ.

खरी अडचण पहिल्या टप्प्यात आहे. बाजार समितीत हमाल कितीही वाढवले तरी गावाकडून ट्रकच येत नसतील तर माल लवकर उतरत नाही, तसं हे आहे. ट्रक म्हणजे रक्तप्रवाह. तो ठरतो अंगातल्या उबेवर, स्नायूंच्या हालचालीवर आणि तुम्ही किती पाणी प्यायला आहात त्यावर. श्वासाच्या वेगावर नाही.

मुद्दाम जोरजोरात श्वास घेतल्याने एक गोष्ट मात्र झपाट्याने बाहेर पडते, ती म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो खाली गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठ आणि बोटं झिणझिणतात, डोकं हलकं होतं. डेको स्टॉपवर यातलं काहीच नको असतं, शिवाय ही लक्षणं डिकॉम्प्रेशन आजाराच्या (अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणारा आजार) सुरुवातीसारखी वाटून घोळ होतो तो वेगळाच.

या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा नीट समजल्या त्या एकाच माणसाला. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी प्रीस्टली यांच्याबरोबर १९०५ मध्ये दाखवलं की श्वासाचा वेग कार्बन डायऑक्साइड ठरवतो. त्यानंतर बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह त्यांनी १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याचे डेकोचे तक्ते प्रसिद्ध केले. ब्रिटिश नौदलाचे हेल्मेटवाले पाणबुडे खोलवर काम का करू शकत नाहीत, याचं त्यांनी शोधलेलं एक मोठं कारण होतं हेल्मेटमध्ये साठणारा कार्बन डायऑक्साइड. श्वास आणि डेको हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि दोन्ही एकाच डायव्हमध्ये ठेवायचे असतात, हे शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे.

कॉम्प्युटरला काय दिसत नाही

ब्यूलमन झेडएचएल-१६सी या डेकोच्या गणिती मॉडेलमध्ये १६ कल्पित ऊती आहेत आणि प्रत्येकीचा अर्धकाळ (निम्मा वायू भरायला किंवा निघायला लागणारा वेळ) ठरलेला आहे. नायट्रोजनसाठी सर्वांत मंद ऊतीचा ६३५ मिनिटं. अर्धकाळ ठरलेला म्हणजेच रक्तप्रवाह ठरलेला. तुम्ही ५० मीटरवर पाण्याखालच्या स्कूटरला लटकून गेलात की प्रवाहाविरुद्ध वीस मिनिटं पाय मारले, कॉम्प्युटरला दोन्ही सारखेच: खोली, वेळ, गॅस. काही कॉम्प्युटरांनी हे मोजायचा प्रयत्न केला. उवाटेकच्या अलादीन एअर एक्सने सिलिंडरच्या ट्रान्समीटरवरून गॅसचा खप बघून श्रमाचा अंदाज बांधला, पुढे स्कुबाप्रोच्या गॅलिलिओने छातीच्या पट्ट्यावरून हृदयाचे ठोके घेतले. कल्पना चांगली, पण श्वासाचा दर हा श्रमाचा धूसर मापक आहे. घाबरलेला माणूस काम न करता गॅस संपवतो, आणि श्वास दाबून ठेवायची सवय असलेला माणूस भरपूर काम करूनही गेजवर शांत दिसतो.

त्यामुळे ही दुरुस्ती स्वतःच करावी लागते. तळाशी जास्त श्रम म्हणजे स्नायूंना जास्त रक्त, म्हणजे जास्त वायू आत. नंतर स्टॉपवर तुम्ही स्थिर लटकता, अंग गार पडतं, रक्तप्रवाह कमी होतो आणि बाहेर पडण्याचा वेग मंदावतो. भरताना दार उघडं आणि रिकामं करताना अर्धं बंद. अमेरिकन नौदलाच्या मॅन्युअलचा नियम इथे सोपा आणि वापरण्याजोगा आहे: काम कष्टाचं झालं किंवा डायव्हर फार गारठला तर तक्त्यातली पुढची जास्त वेळेची ओळ घ्यायची.

थंडीचं महत्त्व किती, हे अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत दिसलं. १२० फुटांवरच्या डायव्हमध्ये तळ आणि डेको यांचं पाणी वेगवेगळ्या तापमानाचं ठेवलं: ३६ अंश आणि २७ अंश. तळाशी उबेत आणि डेकोत गारव्यात राहिलेल्यांना आजार सर्वाधिक झाला. उलट क्रम, म्हणजे तळाशी गार आणि डेकोत उबदार, ठेवला तेव्हा बॉटम टाइम (उतरण्यासह तळाचा वेळ) दुपटीहून जास्त करूनही धोका फार कमी राहिला. त्यांचं ‘गार’ पाणी २७ अंशांचं होतं, जे मालवण किंवा अंदमानात आपण उबदार म्हणतो! तेव्हा ‘आपल्याकडे कुठे थंडी आहे’ म्हणत पातळ सूटमध्ये अर्धा तास डेको करणं शहाणपणाचं नाही. हीटेड व्हेस्ट असेल तर तळाशी बंद किंवा अगदी मंद ठेवा आणि डेकोत चालू करा. तळाशी पूर्ण चालवून बॅटरी स्टॉपवर संपणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

श्वास रोखण्याची किंमत

श्वास आत घेऊन थांबायचं, मग सोडायचं, ही गॅस वाचवण्याची जुनी खोड. यात खर्च कमी दिसतो, पण कार्बन डायऑक्साइड साठतो. धमनीतला त्याचा दाब साधारण ४० मिलिमीटर पारा असतो. तो वर सरकू लागला की मेंदूचा रक्तप्रवाह प्रत्येक मिलिमीटरमागे ३ ते ४ टक्के वाढतो. परिणामी नार्कोसिस (खोलवर गॅसमुळे येणारी गुंगी) वाढतो आणि ऑक्सिजनचा दाब जास्त असताना मेंदूपर्यंत ऑक्सिजनही जास्त पोचतो, त्यामुळे झटका येण्याचा धोका वाढतो. म्हणजे २१ मीटरवर नायट्रॉक्स ५० वर (५० टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन), ऑक्सिजनच्या १.५५ बार आंशिक दाबात, श्वास रोखून गॅस वाचवणं हे चुकीच्या जागी केलेली काटकसर आहे. डायव्हनंतर कपाळात ठणकणारी डोकेदुखी वारंवार होत असेल तर आधी हाच संशय घ्या.

मंद आणि खोल श्वास मात्र हवाच. त्याचं कारण मृत जागा: घसा, श्वासनलिका आणि रेग्युलेटरचा दुसरा टप्पा (तोंडात धरायचा भाग) मिळून साधारण ०.२ लिटर हवा प्रत्येक श्वासात नुसतीच आत-बाहेर होते. मिनिटाला १५ लिटर श्वास आठ वेळांत घेतला तर १.६ लिटर वाया जातात आणि वायुकोशांना १३.४ लिटर मिळतात. तेच १५ लिटर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या तीस उथळ श्वासांत घेतले तर ६ लिटर वाया जाऊन ९ च उरतात. गेजवर खर्च तोच, कार्बन डायऑक्साइड मात्र तुंबतो.

स्टॉपवर बसवायची लय अशी: साधारण चार सेकंद आत, पाच ते सहा सेकंद बाहेर, मध्ये गळा बंद न करता. मिनिटाला सहा-सात श्वास होतात. आत घेण्यापेक्षा पूर्ण सोडण्याकडे लक्ष द्या. सेकंद मोजणं हे सरावापुरतंच; श्वास कमी पडतोय असं जरा जरी वाटलं तर मोजणी सोडा आणि शरीर मागेल तेवढा घ्या.

आपला दर मोजणं

मिनिटाला पृष्ठभागाच्या दाबात किती लिटर गॅस लागतो, त्याला आरएमव्ही म्हणतात. एका डायव्हरला एक आरएमव्ही पुरत नाही, किमान तीन हवेत: स्टॉपवर स्थिर असतानाचा, नेहमीच्या पोहण्याचा आणि दमछाक झाल्यावरचा.

मोजताना सिलिंडर आधी पाण्यात गार होऊ द्या. गरम भरलेलं सिलिंडर ४५ अंशांवरून २८ वर आलं की २०० बारमधले १० ते ११ बार एकही श्वास न घेता उतरतात. पाण्यात पाच मिनिटं गेल्यावर ठरलेल्या खोलीला स्थिर व्हा, गेज आणि वेळ लिहा, दहा मिनिटं खोली न बदलता राहा, परत लिहा. गणित: उतरलेले बार गुणिले सिलिंडरचं पाण्याचं माप, भागिले मिनिटं, भागिले त्या खोलीचा बारमधला दाब. जोड-१२ (१२-१२ लिटरची दोन जोडलेली सिलिंडर) म्हणजे २४ लिटर. २० मीटरवर, म्हणजे ३ बारमध्ये, दहा मिनिटांत २५ बार गेले तर ६०० लिटर, म्हणजे मिनिटाला २० लिटर.

नेहमीची चूक म्हणजे मोजणी फार छोटी करणं. काट्याच्या गेजमध्ये पाच बारची चूक सहज असते आणि २५ मध्ये ५ म्हणजे वीस टक्के. उथळ पाण्यात जोडसिलिंडरवर तर आकड्याला अर्थच राहत नाही. मालवणच्या आसपास १० मीटरवर मोजणार असाल तर ११.१ लिटरचं एकेरी ॲल्युमिनियम सिलिंडर घ्या आणि पंधरा मिनिटं द्या. २० लिटरच्या दराने ५४ बार उतरतात, तिथे पाच बारची चूक खपते. मात्र हा आकडा स्टॉपवरच्या दरासाठीच धरा. जोडसिलिंडर आणि दोन स्टेज घेऊन पोहण्याचा दर त्याच सामानासकट मोजावा लागतो, कारण पाण्याचा अडथळा वेगळा.

दमछाकीचा दर काढण्यासाठी तीन मिनिटं जोरात पाय मारा, थांबा आणि पुढच्या दोन मिनिटांचा खर्च बघा. तो पाहून बहुतेकांचे डोळे उघडतात. ३० लिटर सहज, ४० सुद्धा.

गॅसची घनता: श्वासाला खरी मर्यादा इथे लागते

खोलवर श्वास पुरेसा न होण्याचं मोठं कारण म्हणजे दाट झालेला गॅस. अँथनी आणि मिचेल यांच्या कामावरून आलेली आणि आता टेक्निकल डायव्हिंगमध्ये रुळलेली मर्यादा अशी: ५.२ ग्रॅम प्रति लिटरपर्यंत ठेवा, ६.२ च्या वर जाऊ नका. हवा पृष्ठभागावर सुमारे १.२९ ग्रॅम प्रति लिटर. म्हणून ३० मीटरवर ती ५.२ ला टेकते आणि ३८ मीटरच्या आसपास ६.२ ला. हवेवर ५० मीटर म्हणजे ७.८. नार्कोसिसचा विचार बाजूला ठेवला तरी एवढं कारण पुरे.

मिश्रणासाठी हिशोब हाताने होतो: ऑक्सिजन १.४३, नायट्रोजन १.२५, हेलियम ०.१८, प्रत्येकाला त्याच्या वाट्याने गुणून बेरीज. ट्रायमिक्स १८/४५ (१८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम) ची बेरीज ०.८० येते. ५० मीटरवर, ६ बारमध्ये, ४.८. ठीक. ६० मीटरवर ५.६, म्हणजे शिफारशीच्या वर पण कमाल मर्यादेच्या आत. तिथे आम्ही हेलियम वाढवण्याच्या बाजूचे आहोत. हेलियम महाग आहे हे खरं, पण दाट गॅसमध्ये शरीर जास्त श्वास मागतं आणि फुप्फुसं तो देऊ शकत नाहीत, तेव्हा पैशाने सुटणारा प्रश्न राहत नाही. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोसमन्सगात या पाण्याने भरलेल्या गुहेत सुमारे २७० मीटरवर डेव्ह शॉ यांचा मृत्यू झाला. रिब्रीदरवर (सोडलेला श्वास शुद्ध करून परत वापरणारं उपकरण), अतिशय दाट गॅसमध्ये, श्रमाचं काम करताना साठलेला कार्बन डायऑक्साइड हे त्यामागचं कारण मानलं जातं.

धाप लागायला लागली की क्रम असा. हालचाल पूर्ण थांबवा. दोरी किंवा खडक धरा. श्वास पूर्ण बाहेर सोडा, मग आत घ्या. रेग्युलेटरचा दुसरा टप्पा समायोजित होत असेल तर श्वास सर्वांत सोपा होईल असा करा. जोडीदाराला खूण करा आणि मिनिटभरात फरक नसेल तर शक्य तितकं वर सरका. दहा मीटर वर आल्यानेही घनता लक्षणीय उतरते. धाप असताना काम ‘एवढंच’ म्हणून पूर्ण करायला जाणं ही यातली जीवघेणी चूक, कारण साठलेला कार्बन डायऑक्साइड उतरायला काही मिनिटं लागतात आणि तोवर विचारशक्ती साथ देत नाही.

५० मीटर, २० मिनिटं: श्वासाने प्लॅन कसा बदलतो

तळासाठी ट्रायमिक्स १८/४५, जोड-१२, २०० बार म्हणजे ४८०० लिटर. २१ मीटरपासून नायट्रॉक्स ५०, ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजन. मिनिटाला २० मीटरने उतरलात तर अडीच मिनिटं, सरासरी ३.५ बार. उरलेली साडेसतरा मिनिटं ६ बारमध्ये. बेरीज ११३.७५, तिला आरएमव्हीने गुणायचं. दर २० असेल तर २२७५ लिटर, म्हणजे ९५ बार.

आता राखीव. वाईटात वाईट क्षणी जोडीदाराचा गॅस गेला आणि दोघेही घाबरलेले, प्रत्येकी ३० लिटर, मिळून ६०. तळावर सावरायला दोन मिनिटं: ६० × ६ × २ = ७२०. मिनिटाला ९ मीटरने २१ पर्यंत वर यायला ३.२ मिनिटं, सरासरी ४.५५ बार: सुमारे ८७५. गॅस बदलायला २१ मीटरवर एक मिनिट: १८६. एकूण १७८० लिटर, म्हणजे ७४ बार, ८० धरा. वापरायला उरले १२० बार, २८८० लिटर.

त्या दिवशी प्रवाह असेल आणि दर २८ झाला, तर हे २८८० लिटर १८ मिनिटांच्या जरा पुढे संपतात. वीस मिनिटांचा प्लॅन असला तरी ८० बारला वर निघायचं. श्वासाच्या वेगाचा डेकोवर सर्वांत थेट परिणाम हाच: तो तुमचा बॉटम टाइम कापतो. जे ८० बारची रेषा ओलांडून वीस मिनिटं पूर्ण करतात, ते डेकोचं देणं वाढवून ते फेडायचा गॅस संपवत असतात.

राखीवासाठी दर ठरवताना स्वतःच्या शांत दिवसाचा आकडा घेऊ नका. पंधरा लिटरवर डायव्ह करणाऱ्यांची यात फसगत होते. त्यांचा रोजचा गॅस उरतो, म्हणून राखीवही कमी धरतात. धाप लागल्यावर पंधरावाला आणि वीसवाला यांच्यात फारसा फरक राहत नाही.

डेको गॅससाठी, समजा सॉफ्टवेअरने २१ ते ९ मीटरमध्ये मिळून १० मिनिटं आणि ६ मीटरवर १४ मिनिटं दिली. हे आकडे फक्त गणितासाठी आहेत, यावर डायव्ह करू नये. तुमच्या ग्रेडियंट फॅक्टरने (डेको किती सावध ठेवायचा, त्याची सॉफ्टवेअरमधली मर्यादा) येतील ते घ्या. दर १५ धरला तर नायट्रॉक्स ५० साठी १० × २.५ × १५ = ३७५ लिटर, दीडपट राखीव धरून ५६५. ऑक्सिजन १४ × १.६ × १५ = ३३६, दीडपटीने सुमारे ५०५. ५.७ लिटरचं छोटं ॲल्युमिनियम सिलिंडर २०० बारला ११४० लिटर देतं, ऑक्सिजनला भरपूर. नायट्रॉक्स ५० मात्र त्याहून मोठ्या सिलिंडरात न्या. ऑक्सिजनचं रेग्युलेटर बिघडलं तर सहा मीटरचा स्टॉप याच गॅसवर काढायचा असतो आणि तो बराच लांबतो. त्याचं वेगळं वेळापत्रक सॉफ्टवेअरमधून काढून पाटीवर लिहिलेलं हवं.

पाटीवर आणखी दोन ओळी लागतात: ५ मिनिटं जास्त आणि ३ मीटर खोल. तळाशी दर नेहमीच्या दीडपट राहिला, किंवा स्टॉपवर हुडहुडी भरली, तर जास्त मिनिटांची ओळ वापरा, घड्याळात वीसच मिनिटं झाली असली तरी. कॉम्प्युटर मोकळा झालात म्हणेल, तुम्ही थांबा. डेको गॅस या लांब ओळीला पुरेल इतका आहे ना, ते किनाऱ्यावरच बघायचं.

स्टॉपवर

गॅस बदलताना श्वास चढतो, कारण हातात काम असतं आणि लक्ष खोलीवर असतं. म्हणून २१ मीटरच्या एक मिनिट आधीच वेग कमी करा आणि स्थिर झाल्यावरच स्टेजला हात लावा. सिलिंडरवरची कमाल खोली वाचा, जोडीदाराला दाखवा, नळीचा माग काढा, व्हॉल्व्ह उघडा, मग तोंडात. गेज बघत दोन-तीन श्वास घ्या. काटा श्वासागणिक खाली झुकत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. कॉम्प्युटरवर गॅस शेवटी बदला.

दोन लिटरचा श्वास म्हणजे दोन किलो उछाल. सहा मीटरवर छाती भरून थांबलात की पाचवर पोचता, मग हवा सोडता, सातवर जाता, जिथे शुद्ध ऑक्सिजनचा दाब १.७ होतो. तरंगणं अर्ध्या भरलेल्या फुप्फुसावर जमवा आणि श्वास त्याच्या आसपास फिरू द्या. तरीही सतत हवा भरावी-सोडावी लागत असेल तर दोष वजनात आहे, श्वासात नाही: डेकोच्या शेवटी सिलिंडर हलकी होतात, तेव्हाचं वजन जमवायचं असतं.

१.६ बारला ऑक्सिजनची एका डायव्हची नोआ (अमेरिकेची समुद्र आणि हवामान संस्था) मर्यादा ४५ मिनिटं आहे. स्टॉप वीस मिनिटांच्या पुढे जात असेल तर दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं तळाच्या गॅसवर या. पाय अधूनमधून हलके हलवणं चांगलं, रक्त फिरतं. प्रवाहाविरुद्ध जोर लावून जागा टिकवणं मात्र नको. त्यासाठी जॉन लाइन (नांगराच्या दोरीला अडकवायची छोटी दोरी) बांधा.

शेवटचे सहा मीटर मिनिटाला तीनच्या वेगाने किंवा त्याहून सावकाश. इथे दाब १.६ वरून १ वर येतो, म्हणजे कोंडलेली हवा साठ टक्क्यांनी फुगते. श्वास अखंड चालू ठेवा.

रिब्रीदरवर

क्लोज्ड सर्किट रिब्रीदरमध्ये सेटपॉइंट (ऑक्सिजनचा ठरवून दिलेला दाब) स्थिर असल्याने श्वासाचा वेग डेकोचा गॅस बदलत नाही. तिथे नजर ऑक्सिजनच्या सिलिंडरवर ठेवा: शांतपणे मिनिटाला अर्धा लिटर, पोहताना एक ते दीड. नेहमीपेक्षा जास्त उतरला तर काम जास्त झालं आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारा स्क्रबरही तेवढा वापरला गेला. धाप लागली की लगेच ओपन सर्किटवर (साध्या सिलिंडर-रेग्युलेटरवर) या आणि तिथेच राहा. दोन-चार श्वास घेऊन परत लूपवर (रिब्रीदरच्या नळ्यांच्या फेऱ्यावर) जाण्याने काही भागत नाही. बेलआउट (रिब्रीदर सोडून वर येण्यासाठीचा राखीव गॅस) मोजतानाही पहिल्या काही मिनिटांना ४० लिटरचा दर लावा.

सेमी-क्लोज्डमध्ये (ठरावीक दराने मिश्रण आत सोडणाऱ्या रिब्रीदरमध्ये) मात्र श्रमाने डेको खरोखर बदलतो. मिनिटाला १० लिटर नायट्रॉक्स ४० आत येत असेल आणि शरीर एक लिटर ऑक्सिजन वापरत असेल, तर लूपमध्ये ३३ टक्के ऑक्सिजन राहतो. दोन लिटर वापरायला लागलात की २५ टक्के, आणि नायट्रोजन ६७ वरून ७५ टक्क्यांवर गेलेला. कॉम्प्युटरला ४० सांगून ठेवलं असेल तर तो साफ चुकीचा डेको देतो. श्रमाच्या आकड्याने काढलेला टक्का भरा किंवा लूपमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर जोडा.

पाण्याबाहेर

चारपैकी एका प्रौढाच्या हृदयातल्या पडद्यात जन्माआधीचं छिद्र पूर्ण बुजलेलं नसतं. श्वास कोंडून जोर लावला, नाक दाबून कान मोकळे केले किंवा जोडसिलिंडरसह शिडी चढलात की उजव्या बाजूचा दाब वाढतो आणि शिरांतले बुडबुडे फुप्फुसांच्या गाळणीला वळसा घालून धमन्यांत जाऊ शकतात. म्हणून वर आल्यावर काही मिनिटं पाण्यातच स्थिर राहा, ऑक्सिजन उरला असेल तर तोच घेत. स्टेज आणि जमलं तर जोडसिलिंडरही होडीवरच्या माणसाकडे द्या. शिडी चढताना प्रत्येक पायरीला श्वास सोडा. बुडबुडे सर्वाधिक असतात ते वर आल्यानंतरच्या अर्ध्या ते दोन तासांत, तेव्हा सिलिंडर उचलायचं काम पुढे ढकला किंवा दुसऱ्याला सांगा.

नोंदवहीत तळाचा, नायट्रॉक्स ५० चा आणि ऑक्सिजनचा दर वेगवेगळा लिहा. स्टॉपवरचा दर तळाच्या दराइतका किंवा जास्त येत असेल तर आधी स्टेजच्या रेग्युलेटरची गळती बघा, मग वजन, मग थंडी. तिन्ही ठीक असूनही आकडा उतरत नसेल तर पुढच्या प्लॅनमध्ये डेकोसाठी १५ ऐवजी तोच आकडा घाला आणि सिलिंडर त्याप्रमाणे निवडा.